मा. आयत्या वेळचे विषय यांस

प्रति,
मा. आयत्या वेळचे विषय,
मु. पो. विषयपत्रिकेची शेवटची ओळ,
नगरपरिषद सभागृह, पहिला मजला.

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल आभार मानणे व एक विनंती करणेबाबत.
संदर्भ : आपण कधी देत नाही, म्हणून आम्हीही दिलेला नाही.

महोदय,

सर्वप्रथम आपलं अभिनंदन. 2 डिसेंबर 2025 ला आम्ही मतदान केलं, यंत्रं जवळजवळ तीन आठवडे कुलपात राहिली आणि 21 तारखेला निकाल लागला. कुणी पडलं, कुणी निवडून आलं, कुणी निवडून येऊन आठवड्याभरात दुसऱ्याच गटात जाऊन बसलं. गुलाल झाला, डीजे झाला, आभाराचे फलक अजून विजेच्या खांबांवर लोंबतायत. या धामधुमीत एका विजयाकडे मात्र गावाचं साफ दुर्लक्ष झालं, तो आपला. आपण कुठल्या चिन्हावर उभे नव्हता, अनामत भरली नव्हती, दारोदार हात जोडत फिरला नव्हता. तरी नव्या सभागृहाची पहिली विषयपत्रिका निघाली आणि सगळ्यात खाली, नेहमीच्या जागी, आपण हजर : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ बिनविरोध!

ज्यांनी कधी नगरपरिषदेची विषयपत्रिका हातात धरलेली नाही, त्यांना आपली ओळख करून द्यायला हवी. सभेत जे ठरवायचं ते आधी नोटिशीत छापायचं आणि नोटीस मुदतीत सदस्यांच्या घरी पोचवायची, म्हणजे त्यांनी ती वाचून, चार माणसांना विचारून यावं, असा साधा शिरस्ता. मधेच काही अडलं-नडलं तर अध्यक्षांच्या परवानगीने तेवढं घेता यावं, म्हणून आपली सोय. ती हवीच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि एका दुपारीत घरांचे पत्रे, पोफळी, विजेचे खांब आडवे करून गेलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते अख्खा कोकण किनारा झोडपत गुजरातकडे गेलं. अशा वेळी रस्त्यावरचं झाड कापायला माणसं लावायची, जनरेटरला डिझेल आणायचं, तर नोटीस काढून बसणार कोण? आपला जन्म त्यासाठीच झाला. हल्ली आपण वादळाची वाट बघत नाही, एवढंच.

आपलं सभागृहात येणं बघण्यासारखं असतं. सभा अकराची, सुरू होते बाराला. सभा लोकांना खुली असते हे शिपायाला पटवून झालं की मला मागच्या बाकावर जागा मिळते. छापलेले विषय रेटता रेटता दोन वाजतात. वडा आणि चहा येतो. दोघे सदस्य लग्नाला जायचंय म्हणून उठतात, तिसरा फोन घ्यायला बाहेर जातो तो जातोच. पंखे गरगरत असतात, समुद्राकडच्या खिडकीतून सुक्या मासळीचा वास येत असतो, आणि मग इतका वेळ खाली मान घालून लिहीत बसलेले सभा लिपिक फाइलीच्या पोटातून चार घड्या घातलेला एक कागद काढतात. एका दमात वाचतात. स्वल्पविराम नाही, आकडा कुठे आला आणि कुठे गेला पत्ता नाही. ‘मंजूर?’ ‘मंजूर, मंजूर.’ सूचक कोण, अनुमोदक कोण, ते मागाहून भरायचं. मोकाट गुरांच्या कोंडवाड्यावरून मघाशी पाऊण तास एकमेकांच्या अंगावर गेलेलं हेच सभागृह आपल्याला दोन मिनिटांत वाट करून देतं. मी त्या घड्यांकडे बघत असतो. कडेला मळलेल्या, चांगल्या मुरलेल्या घड्या. तो कागद आयत्या वेळी आलेला नसतो. कुणाच्या तरी खिशात बरेच दिवस मुक्काम करून आलेला असतो.

पण आपली खरी करामत पुढच्या सभेत. तिथे विषय क्रमांक एक कायमचा ठरलेला : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ वाचत कुणीच नाही, वाचलं असं धरून कायम करतात. म्हणजे मागच्या सभेत शेवटून घुसलेले आपण या सभेत पहिल्या नंबराने पक्के! आणि आपल्याबद्दल लिहिलेलं काय असतं? ‘सदर विषयावर सभागृहात सखोल चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करण्यात आले.’ सखोल! आमच्या खाडीच्या तोंडाला गाळाने इतका उथळपणा आलाय की ओहोटीला होडी आत येत नाही. गावात खोल अशी आता ती चर्चाच राहिली आहे.

आपण गावाला काय काय दिलंत ते सांगितलं नाही तर आम्ही कृतघ्न ठरू. किनाऱ्यावर हायमास्ट दिवा दिलात. पहिल्या पावसाळ्यात दिव्यांचं कडं खाली उतरवायची तार गंजली, दुसऱ्यात ती वरच अडकली. आता एक दिवा लागतो, तोही दिवसा. खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं आणि काय टिकत नाही हे कुठल्याही होडीवाल्याने फुकट सांगितलं असतं. पण त्याला विचारायचं तर आधी त्याला कळायला हवं की असा काही विषय आहे. शेजारी सेल्फी पॉइंट दिलात, गावाचं नाव मोठाल्या रंगीत अक्षरांत. त्यातलं मधलं अक्षर गेल्या वर्षीच्या उधाणात गेलं. पर्यटक उरलेल्या अक्षरांपुढे फोटो काढतात, आणि आता बाहेरगावची निम्मी माणसं आमच्या गावाचं नाव तेच समजतात.

मच्छी मार्केटबद्दल मात्र आपले आभार सविस्तर मानायला हवेत. जुनं मार्केट म्हणजे कौलारू छप्पर, खाली दगडी जोती, जोत्यावर पाटी मांडून बसलेल्या बायका. ते पाडून आपण नवं दिलंत : स्लॅब, लाद्या, कंबरेएवढे ओटे. ज्याने नकाशा काढला तो बहुधा कधी मासळी घ्यायला गेला नसावा. आमच्याकडची विक्रेती मांडी घालून किंवा उकिडवी बसते, पुढ्यात पाटी, पायाखाली विळी, बाजूला बर्फाची पेटी. कंबरेएवढ्या ओट्यावर चढून बसायचं तर खालचं गिऱ्हाईक वर मान करून सुरमईचा भाव विचारणार. उभं राहून विकायचं तर विळीवर कापायचं कसं? त्यातून ओट्यांचा उतार उलटा. बर्फाचं पाणी गटाराकडे न जाता विकणारीच्या मांडीत येतं. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी पुन्हा रस्त्याच्या कडेला, छत्र्यांखाली. त्यांच्यातल्या एका थोरल्या काकींना मी विचारलं, की नव्या इमारतीत का बसत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘थंय बसाक माका पोहूक शिकाचा लागात. तू येतस काय शिकवक?’’ असं म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत बांगडे टाकले आणि भाव मात्र रस्त्यावरचाच लावला.

आता त्या इमारतीत अतिक्रमणविरोधी मोहिमेत उचललेल्या हातगाड्या ठेवतात. आणि आपण गप्प बसला नाहीत. पुढच्या एका सभेत घड्या उलगडून दोनदा आलात. एकदा ‘मच्छी मार्केटचे नूतनीकरण करणे’ म्हणून, ज्यात अजून एक पापलेटही विकलं गेलेलं नाही त्या मार्केटचं. आणि एकदा ‘रस्त्यालगत बसणाऱ्या मासळी विक्रेत्यांवर कारवाई करणे’ म्हणून. नूतनीकरणाच्या कामाचे म्हणे ई-निविदेच्या मर्यादेखाली बसतील असे तुकडे पाडलेत. बाजारात कुणाची विळी चालत नसली म्हणून काय झालं, आपली चालते.

बंधारा तर आपल्या कारकिर्दीचा कळस. धूपप्रतिबंधक बंधारा काही नगरपरिषद बांधत नाही. पैसा राज्याचा, काम वरच्या खात्याचं, नगरपरिषदेचा फक्त ना हरकत ठराव लागतो. आता हरकत आहे का हे विचारायचं झालं तर विषय छापावा लागला असता आणि हरकत निघाली असती. म्हणून आपल्याला पाचारण झालं. त्या पुळणीवर रापण लागायची. होडीतून जाळं अर्धगोल टाकत न्यायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी दोन अंगांनी ओढत ओढत जाळं वाळूवर घ्यायचं. ओढायला अख्खा वाडा लागतो, दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो, आणि या सगळ्याला सपाट, मोकळी पुळण लागते. तिथे आता काळ्या दगडांची रास आहे. दोर दगडात अडकतो, जाळं फाटतं. रापणकर आपलं सामान घेऊन दुसऱ्यांच्या पुळणीवर गेले आणि तिथल्यांशी त्यांचं वाजलं.

बरं, धूप तरी थांबली? लाट दगडावर आपटते आणि तिथला राग बंधारा संपतो त्याच्या पलीकडे काढते. पलीकडची सुरूची झाडं दोन पावसाळ्यांत मुळं वर करून पडली. त्यावर उपाय म्हणून आपण पुन्हा आलात : ‘बंधाऱ्याची लांबी वाढविणेस ना हरकत देणे.’ या हिशेबाने टोकाच्या पलीकडे नेहमीच थोडी धूप उरणार आणि आपल्याला नेहमीच थोडं काम उरणार. तालुक्याची हद्द लागेपर्यंत काळजी नाही. एकीकडे वडिलोपार्जित घराची मागची पडवी मोठी करू म्हणणाऱ्याला कचेरीत भरतीरेषेचा नकाशा दाखवतात आणि सीआरझेडचं नाव ऐकवून घरी धाडतात, आणि दुसरीकडे त्याच भरतीरेषेवर टनांनी दगड पडतो तो एका घडीच्या कागदावर.

समुद्राचं मला राहून राहून कौतुक वाटतं. एवढा अवाढव्य, कुणाला जुमानत नाही, पण वेळ सांगून येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब इथल्या शाळा न पाहिलेल्या माणसालाही येतो : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. पंचांगात वर्षभराचं आधी छापलेलं. आमच्या नगरपरिषदेला मात्र दोन महिन्यांतल्या एका सभेचे विषय आधी सुचत नाहीत.

व्यापारी संकुलातल्या गाळ्यांच्या मुदतवाढीबद्दल फार लिहीत नाही. गाळा कुणाच्या नावावर, बसतो कोण आणि भाडं कुठल्या सालातलं, हे गावात शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

मधली चार वर्षं आपली उणीव भासली असेल असं कुणाला वाटेल. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहांची मुदत 2021 सरता सरता संपली. संविधानाच्या 243 यू कलमात मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हावी असं लिहिलंय. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ते चार महिने डिसेंबरात भरले. तोवर प्रशासक. पुष्कळ गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. आमच्याकडेही तसंच. मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव लिहायचा, प्रशासक म्हणून तो वाचायचा, पटला तर मंजूर करायचा. तो न पटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ‘सर्वानुमते’ हा शब्द आमच्या नगरपरिषदेत तेवढी चारच वर्षं खरा होता. नोटीस नाही, सभा नाही, मागचा बाक नाही. आपण शेवटच्या ओळीत बसायचं सोडून सगळी विषयपत्रिका व्यापलीत. म्हणूनच निवडणूक झाल्यावर पुन्हा तळाला येऊन बसताना आपल्याला थोडं अपमानास्पद वाटलं असेल, ते मी समजू शकतो.

आणि ज्यांच्या परवानगीने आपण येता त्या अध्यक्षांची गंमत बघा. 2016 ला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा ठरला. 2020 ला ते रद्द करून नगरसेवकांतून. 2022 ला पुन्हा थेट. एवढ्या उलथापालथीत प्रत्येक सरकारने अध्यक्ष कुणी निवडायचा याचा खल केला. त्याने परवानगी कशाकशाला द्यायची, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

आपल्या तुलनेत छापील विषयांची काय दशा आहे ती आपण वरच्या ओळींकडे कधी नजर टाकलीत तर दिसेल. विषय क्रमांक चार : ‘वाढीव नळपाणी योजनेबाबत चर्चा करून निर्णय घेणे.’ हा विषय मी इतकी वर्षं बघतोय की त्याला आता घरचा माणूस म्हणावं. दर सभेला येतो, सगळे त्याच्याबद्दल हळहळतात, आणि ‘माहिती घेऊन पुढील सभेत ठेवणे’ असा शेरा घेऊन तो परत जातो. इकडे मार्च सरला की नळाला एक दिवसाआड पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होत चालल्यात, कारण लॉज आणि होमस्टेवाल्यांच्या बोअर रात्रंदिवस गोडं पाणी ओढतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत समुद्र आतून शिरतो. याच विहिरींवर बागा शिंपल्या जायच्या. आता माडाखाली उभं राहिलं की शेंड्याकडून सुकत आलेली झावळ दिसते आणि मालक टँकरवाल्याला फोन लावत असतो.

विषय क्रमांक सात, घनकचरा. गाडी घंटा वाजवत येते, आम्ही ओला-सुका वेगळा करून देतो, गाडीत तो एक होतो आणि खाडीकाठी कांदळवनाच्या कडेला त्याची टेकडी होते. भरती आली की टेकडीचा पाया समुद्रात. हे जमण्यासारखं नसतं तर मी तक्रार केली नसती. पण याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा खरोखर वेगळा केला, त्याचं खत केलं, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात घातलं आणि आपल्या कचरा डेपोला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ केलं. तिथल्या विषयपत्रिकेवरही आपण असालच. फरक एवढाच, की तिथे वरच्या ओळींनाही कुणीतरी विचारत असावं.

आम्ही खेडं असतो तर निदान ग्रामसभा मागितली असती, उभं राहून चार शब्द बोललो असतो. गाव वाढलं, शहर झालं, आणि आमचा तोंड उघडायचा हक्क मागच्या बाकावर मुकाट बसण्याएवढा उरला. नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठराव तहकूब करू शकतात, हे ऐकून होतो. त्यासाठी ठरावाची प्रत लागते. म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, मुदतीत आलं, कुणावर उगाच आळ नको : ‘सदर सभेचे इतिवृत्त अद्याप कायम झालेले नसल्याने प्रत देता येत नाही.’ पटण्यासारखं आहे. मी ते पत्र खिशात घालून बाहेर आलो तर कोपऱ्यावर त्याच ठरावाच्या पेव्हर ब्लॉकची दुसरी ट्रॉली खाली होत होती. प्रत मिळण्याएवढा ठराव पक्का नव्हता, कार्यादेश निघण्याएवढा होता. पुढे यथावकाश इतिवृत्त कायम झालं आणि प्रतही मिळाली, तोवर ब्लॉक बसून त्यातले काही उखडलेही होते. जिल्हाधिकारी आता तहकूब काय करणार, ब्लॉक?

आपल्यावर चिडायचं मी सोडून दिलंय. उलट आपल्या सामर्थ्यावर माझा पूर्ण विश्वास बसलाय, आणि त्यापोटीच ही विनंती. या गावात जे छापलं जातं ते होत नाही आणि जे होतं ते छापलं जात नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तर मेहेरबानी करून आमच्या विषय क्रमांक चारला वरच्या ओळींतून खाली काढा आणि येत्या सभेत आपल्यासोबत आत न्या. वडा-चहा झाल्यावर, लग्नाची मंडळी उठून गेल्यावर. कुणाला चर्चा नको, सखोल तर नकोच. एका दमात वाचावं, दोन ‘मंजूर’ पडावेत, बस्स. आपल्याला तसदी नको म्हणून कागद आम्हीच लिहून आणतो, आणि त्याला घड्याही घालून आणतो.

कळावे,

आपला नम्र,
मागच्या बाकावरचा एक करदाता

सोबत : चालू वर्षाच्या घरपट्टी व पाणीपट्टीच्या पावत्या. (पाणीपट्टी रोजच्या पाण्याची भरलेली आहे.)